‘वापरले जाऊ शकते’ : कंपायलरच्या एका इशाऱ्याची समीक्षा

बीजसंज्ञा : कंपायलर, प्रारंभमूल्य, ऑप्टिमायझेशन, जीसीसी, क्लँग, इशाऱ्याची भाषा

प्रस्तावना

प्रस्तुत लेखाचा विषय एक वाक्य हा आहे. सी भाषेतील प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करताना जीसीसी हा कंपायलर प्रोग्रामरला पुष्कळदा असे कळवतो की, ‘अमुक चल प्रारंभमूल्य न देता वापरले जाऊ शकते’. प्रोग्रामरांच्या दोन-तीन पिढ्यांनी हे वाक्य वाचलेले आहे. त्यावर ते चिडले आहेत, त्याला कंटाळले आहेत आणि पुष्कळांनी ते गप्प करण्याच्या युक्त्याही शोधल्या आहेत. तथापि एक विधान म्हणून, म्हणजे ते कोण करतो, कशाविषयी करतो आणि कोणत्या अधिकाराने करतो या दृष्टीने, त्याचे वाचन क्वचितच झाले आहे. साहित्याचा अभ्यासक ज्या काटेकोरपणे एखाद्या ओळीतील क्रियापदाकडे पाहतो, ती नजर यंत्राच्या वाक्याकडे वळवण्यास हरकत नसावी.

हे वाक्य दिशाभूल करते ही तक्रार जुनी असून बहुतांशी रास्तही आहे. मात्र दिशाभूल नेमकी कोठे होते याविषयीची रूढ समजूत अपुरी आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. इशारा कधी कधी खोटा निघतो, हा त्यातील लहान दोष होय. तो प्रोग्रामरच्या संहितेविषयी बोलत असल्याचे भासवतो आणि प्रत्यक्षात कंपायलरने स्वतः पुन्हा लिहून काढलेल्या संहितेविषयी बोलतो, हा मोठा दोष होय. त्याच्या मौनाचेही तसेच आहे. आणि मौनाकडे तर कोणी पाहतच नाही.

‘गार्बेज व्हॅल्यू’ नावाची समजूत

आपल्या वर्गांत सी भाषा शिकवताना असे सांगण्याचा प्रघात आहे की, स्थानिक चलाला मूल्य दिले नाही तर त्यात ‘गार्बेज व्हॅल्यू’ असते. स्मृतीच्या त्या कप्प्यात आधीचे जे काही पडलेले असेल ते. नव्या भाडेकरूला खोलीत जुन्याचा अडगळीचा सामान सापडावा, तसे हे चित्र आहे. ते सोपे आहे, लक्षात राहते, आणि चुकीचे आहे.

चुकीचे अशासाठी की, त्यात ‘काहीतरी एक मूल्य आहे’ हे गृहीत धरलेले आहे. सी भाषेच्या प्रमाणकाने असे आश्वासन दिलेले नाही. २०११ च्या प्रमाणकात तर स्पष्ट कलम आहे. ज्या स्थानिक चलाचा पत्ता प्रोग्राममध्ये कोठेही घेतलेला नाही आणि ज्याला मूल्यही दिलेले नाही, असे चल वाचल्यास त्यापुढील वर्तनाविषयी भाषा कोणतीही हमी देत नाही. या कलमामागे इटॅनियम या प्रोसेसरचा इतिहास आहे. त्याच्या रजिस्टरांना मूल्याबरोबर एक जादा बिट असे आणि त्याचा अर्थ ‘येथे वस्तूच नाही’ असा होई. तेथे अडगळ वाचली जात नसे. वाचण्याची क्रियाच फसू शकत असे. इटॅनियम कालबाह्य झाला, कलम राहिले.

साध्या प्रोसेसरवरही कंपायलर या मोकळिकीचा लाभ घेतो. मूल्य न दिलेले एकच चल दोन ठिकाणी वाचले, तर एका ठिकाणी ते शून्य आणि दुसऱ्या ठिकाणी सात धरण्याची त्याला मुभा आहे. ज्या ठिकाणी जे धरल्याने गणित सोपे होईल, तेथे ते. विद्यार्थ्याच्या मनात ‘गार्बेज व्हॅल्यू’ रुजलेली असते, म्हणून त्याला इशारा किरकोळ वाटतो. फार तर विचित्र आकडा छापला जाईल, असे तो समजतो. इशाऱ्याच्या दिशाभुलीची पहिली पायरी अशा रीतीने आपल्या फळ्यावर चढली जाते. याचा दोष कंपायलरला देता येणार नाही.

इशारा कसा जन्मतो

आता यंत्राच्या आत जावे लागेल. जीसीसीच्या २००५ मधील ४.० आवृत्तीपासून त्याचे बहुतेक ऑप्टिमायझेशन एका विशिष्ट मध्यवर्ती रूपावर चालते. १९९१ मध्ये रॉन सायट्रन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी सविस्तर मांडलेल्या या रूपात प्रत्येक चलाला मूल्य देण्याची कृती एकदाच घडते. मूळ प्रोग्राममध्ये एका चलाला तीनदा मूल्य दिले असेल तर त्याची तीन वेगवेगळी नावे होतात. आणि जेथे दोन वाटा एकत्र येतात तेथे ‘या वाटेने आलात तर हे, त्या वाटेने आलात तर ते’ असे सांगणारी एक जोडणी घातली जाते. तिला फाय म्हणतात. चलाला कधीच मूल्य दिलेले नसेल तर त्यालाही एक नाव मिळते, परंतु त्या नावामागे कृती नसते. रजिस्टरात नाव आहे, माणूस कधी आलेलाच नाही, अशी ही नोंद.

इशारा देणारा भाग अशा पोकळ नोंदी शोधतो आणि तो दोन वेळा धावतो. पहिली फेरी सुरुवातीला होते. चल निश्चितपणे मूल्याशिवाय वाचले जाते, असे तिला आढळल्यास इशारा ‘वापरले जाते’ असा असतो. दुसरी फेरी पुष्कळ ऑप्टिमायझेशन उरकल्यावर होते आणि ती फायच्या जोडण्या तपासते. एखाद्या जोडणीत एका वाटेने पोकळ नोंद येत असेल आणि ती वाट अशक्य आहे हे दाखवता आले नाही, तर ‘वापरले जाऊ शकते’ हे वाक्य उमटते. २०१२ च्या ४.७ आवृत्तीत या दुसऱ्या प्रकाराला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र कळ मिळाली. ती सुधारणा निःसंशय स्वागतार्ह होती.

दुसरी फेरी उशिरा का ठेवली, याचे कारण समजण्यासारखे आहे. ऑप्टिमायझेशनमुळे अशक्य वाटा गळून पडतात आणि खोटे इशारे कमी होतात. परंतु याची किंमत अशी की, इशारा त्या वेळी जे शिल्लक उरले आहे त्यावर अवलंबून राहतो. २००९ मधील ४.४ आवृत्तीपूर्वी तर ऑप्टिमायझेशन सुरू केल्याशिवाय जीसीसी हा इशारा देतच नसे. आजही ‘जाऊ शकते’ प्रकारचा इशारा ऑप्टिमायझेशनसह केलेल्या संकलनातच शक्य आहे, असे हस्तपुस्तिका सांगते. आणि कोणत्या चलांविषयी इशारा मिळेल हे नेमक्या पर्यायांवर व आवृत्तीवर अवलंबून राहील, हेही ती लपवत नाही. हस्तपुस्तिका प्रामाणिक आहे. पडद्यावरचे वाक्य तिच्याइतके प्रामाणिक नाही.

दोन उदाहरणे

शुल्क-आकारणीचा एक लहानसा प्रोग्राम घेऊ. विद्यार्थी सवलतपात्र असेल तर ‘सवलत’ या चलाला मूल्य द्यायचे. मग पावतीचा क्रमांक मिळवण्यासाठी दुसऱ्या फाइलमधील एक फंक्शन बोलवायचे. आणि शेवटी विद्यार्थी सवलतपात्र असेल तर शुल्कातून ‘सवलत’ वजा करायची. अट दोन्ही वेळा एकच आहे. वाचणाऱ्या माणसाला येथे चूक दिसत नाही, आणि इशारा आला तर तो त्याला हास्यास्पद वाटतो.

पण ‘सवलतपात्र’ हे चल कोठे घोषित केले आहे, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. ते फंक्शनच्या आतील स्थानिक चल असेल, तर दोन्ही अटी एकच आहेत हे जीसीसीला बहुधा ओळखता येते आणि तो गप्प राहतो. ते जागतिक चल असेल तर मधले परके फंक्शन ते बदलू शकते. कंपायलरला ते फंक्शन दिसत नाही. पहिल्या अटीच्या वेळी ‘नाही’ आणि दुसऱ्या अटीच्या वेळी ‘होय’, ही वाट त्याच्या दृष्टीने खरोखर उघडी आहे. प्रोग्रामर ज्याला खोटा इशारा म्हणतो, तो येथे त्याच्याच एका न लिहिलेल्या गृहीतकाकडे बोट दाखवत असतो. असे इशारे चीड आणतात हे खरे. तथापि त्यांना ‘खोटे’ म्हणून निकाली काढणे मला घाईचे वाटते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. एक फंक्शन फाइलमधून किंमत वाचते. वाचता आली तर ती दिलेल्या पत्त्यावर ठेवते आणि शून्य परत करते. वाचता आली नाही तर पत्त्याला हात न लावता चुकीचा संकेत-क्रमांक परत करते. बोलावणारे फंक्शन परतलेला अंक तपासते, शून्य नसेल तर बाहेर पडते, अन्यथा किंमत वापरते. सी भाषेतील हा नित्याचा शिरस्ता आहे. ही दोन फंक्शने वेगळ्या फाइलींत असतील आणि त्या स्वतंत्रपणे संकलित होत असतील, तर इशारा येत नाही. पत्ता परक्याच्या हाती गेला, तेव्हा त्याने तेथे मूल्य ठेवले असेल, असे कंपायलर मानतो. तीच फंक्शने एका फाइलमध्ये आणली आणि ऑप्टिमायझेशनची पातळी वाढवली की, आतले फंक्शन बाहेरच्यात विरघळते. आता सर्व वाटा कंपायलरपुढे असतात. त्या सर्व जोडून दाखवता आल्या तर ठीक. परंतु समजा, चुकीचा संकेत चौसष्ट बिटांच्या पूर्णांकात तयार झाला आणि परत करताना बत्तीस बिटांत बसवला गेला. चौसष्ट बिटांची शून्येतर संख्या कापली असता बत्तीस बिटांत शून्य उरू शकते. व्यवहारात हे संकेत लहान असतात, म्हणून तसे कधीच घडत नाही. तर्कात ते घडू शकते. तेवढ्या फटीतून इशारा बाहेर पडतो.

लिनक्सच्या गाभ्यात या घडणीचे इशारे परिचयाचे आहेत. येथे कंपायलर तर्काने बरोबर असतो आणि प्रोग्रामर व्यवहाराने. दोघांचेही समाधान होत नाही, कारण वाक्यात ‘कापलेल्या संख्येचा प्रश्न मला सुटला नाही’ असे कोठेही म्हटलेले नसते. त्यातून इशारा ज्या ओळीवर दाखवला जातो ती कित्येकदा विरघळलेल्या फंक्शनमधली असते. वाचणारा भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसतो.

मौनाची दिशाभूल

खोट्या इशाऱ्यांची चर्चा पुष्कळ होते, कारण ते दिसतात. न आलेला इशारा कोणालाच दिसत नाही. पुढील फंक्शन पाहावे : एक चल घोषित केले, अट खरी असेल तर त्याला एक हे मूल्य दिले, मग काहीही झाले तरी ते चल परत केले. अट खोटी असेल तर मूल्य नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. एवढ्या ढळढळीत चुकीवरही जीसीसी मौन पाळत असे. २००४ मध्ये हा दोष त्याच्या दोष-नोंदवहीत १८५०१ या क्रमांकाने नोंदला गेला आणि पुढे अनेक वर्षे अशाच तक्रारी त्याच नोंदीत विलीन होत राहिल्या.

कारण पाहण्याजोगे आहे. स्थिर मूल्ये पुढे नेण्याची जी पद्धत मार्क वेगमन आणि केनेथ झॅडेक यांनी १९९१ मध्ये मांडली, तिच्यात ‘अद्याप माहीत नाही’ आणि ‘एक’ यांची गाठ पडली की उत्तर ‘एक’ येते. पोकळ नोंदीला कोणतेही मूल्य धरण्याची मुभा असल्याने तिला सोयीचे मूल्य दिले जाते. परिणामी ते फंक्शन ‘नेहमी एक परत करा’ एवढेच उरते. इशाऱ्याची दुसरी फेरी येते तेव्हा पोकळ नोंद पुसली गेलेली असते. पंचनाम्याला येणाऱ्यापूर्वी घर झाडून ठेवावे, तसा हा प्रकार आहे. आणि झाडणारा व पंचनामा करणारा एकाच खात्यातले आहेत.

ऑप्टिमायझेशन बंद ठेवले तर दुसरी फेरी नाही. ते सुरू केले तर फेरी आहे, पण पुरावा नाही. ‘माझा प्रोग्राम एकही इशारा न येता संकलित झाला’ या विधानाला प्रात्यक्षिक परीक्षेत आपण जो मान देतो, तो कितपत योग्य आहे याचा विचार यावरून करता येईल. मौन हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. ज्या फेऱ्या झाल्या त्यांना काही सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘शकते’ या क्रियापदाविषयी

मराठीत ‘शकणे’ हे सहायक क्रियापद सामर्थ्य दाखवते आणि संभवही दाखवते. ‘तो पोहू शकतो’ यात गुण सांगितला जातो. ‘उद्या पाऊस पडू शकतो’ यात बोलणाऱ्याचे अनुमान असते. कंपायलरच्या मूळ इंग्रजी वाक्यातील सहायक क्रियापदही असेच दुपेडी आहे. वाचणारा त्याचा पहिला अर्थ घेतो : माझ्या प्रोग्राममध्ये असा एक दोष आहे, जो कधी तरी प्रकट होईल. कंपायलरला अभिप्रेत असतो तो तिसराच अर्थ. ‘हे चल मूल्याशिवाय वापरले जात नाही, असे मी सिद्ध करू शकलो नाही.’ या वाक्यात ‘शकणे’ कंपायलरकडे आहे, चलाकडे नाही. कर्ता बदलला की विधानाचा विषयच बदलतो. प्रोग्रामच्या गुणधर्माचे वर्णन म्हणून जे सादर झाले, ते वस्तुतः तपासणाऱ्याच्या असमर्थतेचे निवेदन आहे.

हे असमर्थत्व लाजिरवाणे मुळीच नाही. हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध केलेल्या सिद्धान्तानुसार प्रोग्रामच्या वर्तनाविषयीचा कोणताही अर्थपूर्ण प्रश्न सर्व प्रोग्रामांसाठी यांत्रिक रीतीने सोडवता येत नाही. कंपायलरला कोठे तरी थांबावेच लागते. अपेक्षा इतकीच की, जेथे तो थांबला तेथे थांबल्याचे सांगावे; कोणती वाट बंद करता आली नाही, तिच्यावर कोणत्या अटी आहेत, हे दाखवावे. क्लँग हा कंपायलर काही प्रमाणात हे करतो. त्याचे विश्लेषण ऑप्टिमायझेशनपूर्वी, मूळ संहितेच्या रचनेवर होते, म्हणून पातळी बदलल्याने त्याचे इशारे बदलत नाहीत. आणि ‘ही अट खोटी असल्यास’ असे म्हणून तो नेमक्या अटीवर बोट ठेवतो. या स्थैर्यासाठी त्याला काही खऱ्या चुका सोडून द्याव्या लागतात. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे, कारण त्याचे वाक्य आपल्या संहितेविषयी असते.

गप्प करण्याचे परिणाम

इशारा नीट वाचला गेला नाही की त्याला गप्प केले जाते. लिनक्सच्या गाभ्याचा अनुभव येथे लक्षात घेण्यासारखा आहे. २००७ मध्ये तेथे एक मॅक्रो आणला गेला. चलाला त्याचेच मूल्य द्यायचे, म्हणजे ‘क्ष बरोबर क्ष’ असे लिहायचे, एवढेच त्याचे काम. जीसीसी यावर गप्प बसतो. मॅक्रोचे नाव मोठे प्रांजळ होते. ‘हे चल मूल्यहीन आहे’ असेच ते सांगे. लिहिणाऱ्याची खात्री असे की इशारा खोटा आहे. परंतु ती खात्री त्या दिवशीच्या संहितेविषयी होती. पुढे कोणी फंक्शनमध्ये नवी वाट घातली आणि इशारा खरा झाला, तरी मॅक्रो आपले काम करीतच राहिला. अखेर केस कूक यांच्या पुढाकाराने २०२० मध्ये, ५.९ आवृत्तीच्या वेळी, तो सर्व ठिकाणांहून काढून टाकण्यात आला. खऱ्या चुका झाकल्या जातात, हेच प्रमुख कारण देण्यात आले.

दरम्यान इशाऱ्याचीही परवड झाली. २०१६ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘जाऊ शकते’ प्रकारचा इशारा गाभ्यासाठी सरसकट बंद केला. त्याच वर्षी आर्ंड बर्गमन यांनी कित्येक ठिकाणी दुरुस्त्या करून तो नेहमीच्या संकलनासाठी परत आणला. आणि मे २०२० मध्ये टोरवाल्ड्स यांनी तो पुन्हा बंद केला. हट्टाचा भाग त्यात असेल, पण मुख्य आक्षेप वर सांगितला तोच होता : ऑप्टिमायझेशनच्या निर्णयांबरोबर बदलणाऱ्या इशाऱ्यावर कोणते धोरण उभे करावे? हजारो लोकांच्या श्रमातून चालणाऱ्या प्रकल्पाने एक तपासणी हातची घालवली, ही यातील हानी होय.

डेबियनचे प्रकरण याहून गंभीर आहे. तेथे इशारा कंपायलरचा नव्हता. व्हॅलग्राइंड या चालत्या प्रोग्रामवर नजर ठेवणाऱ्या साधनाचा होता. ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या ग्रंथालयात प्रारंभमूल्य नसलेली स्मृती वाचली जाते, असे ते साधन सांगे. ते खरेही होते. ग्रंथालय यादृच्छिकतेच्या साठ्यात ती स्मृती जाणूनबुजून मिसळत असे. २००६ मध्ये डेबियनच्या प्रतीत इशारा येणारी ओळ दोन ठिकाणी वगळली गेली. एका ठिकाणी ती खरोखर निरुपद्रवी होती. दुसऱ्या ठिकाणी मात्र सगळी यादृच्छिकता त्याच ओळीतून साठ्यात येत असे. ती गेल्यावर किल्ल्या ठरवण्यासाठी बदलते असे काही उरले, तर तो प्रोसेसचा क्रमांक. त्याच्या शक्यता सुमारे ३२ हजार. मे २००८ मध्ये लुचियानो बेलो यांनी शोधलेली ही त्रुटी जाहीर झाली, तोवर सुमारे वीस महिने डेबियन आणि त्यावर आधारलेल्या प्रणालींवर तयार झालेल्या किल्ल्या अंदाजाने ओळखण्याजोग्या होत्या. जगभरच्या सर्व्हरांवरील किल्ल्या बदलाव्या लागल्या. इशारा खरा होता. तो गेला, आणि त्याबरोबर जे जायला नको तेही गेले.

आपल्या प्रयोगशाळांतील उपाय याहून साधा असतो : चलापुढे ‘बरोबर शून्य’ लिहायचे. इशारा तत्काळ जातो. या उपायाविषयी प्राध्यापकवर्गाने तरी सावध असावे. गैरहजर विद्यार्थ्याच्या गुणांच्या रकान्यात शून्य लिहिले तर बेरीज जुळते, तक्ता भरलेला दिसतो. फक्त ‘परीक्षा दिली आणि शून्य मिळाले’ व ‘परीक्षा दिलीच नाही’ यांतील भेद कायमचा नाहीसा होतो. ‘बरोबर शून्य’ हेच करते. चूक तशीच राहते, पण आता ती वैध मूल्याच्या वेषात असते. व्हॅलग्राइंडलाही ती सापडत नाही. मूल्य खरोखर शून्य असणे योग्य असेल तर शून्य अवश्य लिहावे. इशारा जावा म्हणून लिहिलेले शून्य ही नोंदीतील खाडाखोड आहे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने स्वयंचलित शून्याचा पुरस्कार होतो, त्याचा येथे उल्लेख केला पाहिजे. क्लँगने २०१९ मध्ये आणि जीसीसीने २०२२ मध्ये सर्व स्थानिक चले आपोआप ठरावीक मूल्याने भरण्याचा पर्याय दिला. त्यामुळे जुनी गुपिते स्मृतीतून गळत नाहीत, हा लाभ खरा आहे. जीसीसीने हा पर्याय देताना इशारे मात्र तसेच ठेवले. भरलेले शून्य प्रोग्रामरने दिलेले मानले जात नाही. सी++ च्या समितीने मार्च २०२४ मध्ये टोकियोच्या बैठकीत याच वळणाचा निर्णय घेतला. मूल्य न दिलेले चल वाचणे ही चूकच राहील, परंतु तिचा परिणाम बेबंद राहणार नाही. चूक आणि अनर्थ यांत भेद करणारी ही भूमिका मला सर्वांत समंजस वाटते.

नियम की तर्क

जावा भाषेने १९९६ मध्येच वेगळी वाट धरली. तिच्या विनिर्देशातील एक संपूर्ण प्रकरण या प्रश्नाला वाहिलेले आहे. स्थानिक चल वापरण्यापूर्वी त्याला निश्चितपणे मूल्य दिलेले असले पाहिजे, आणि ‘निश्चितपणे’ म्हणजे काय हे ओळीओळीने लिहून ठेवले आहे. कंपायलर कितीही हुशार असो, त्याने तेवढाच नियम लावायचा. वरील सवलतीचा प्रोग्राम जावा सरळ नाकारते, चल स्थानिक असले तरी. नियम मंद आहे. पण तो कालही तोच होता आणि दुसऱ्या कंपायलरमध्येही तोच असतो. न्यायाधीश बदलला म्हणून निकाल बदलत नाही.

असे असले तरी जावाचा विद्यार्थीही ‘बरोबर शून्य’ लिहूनच सुटका करून घेतो, हे येथे नोंदवले पाहिजे. नियम स्थिर असल्याने तो कसा चुकवायचा हेही लवकर पाठ होते. तेव्हा भाषा बदलल्याने हा प्रश्न सुटतो असे मानण्याचे कारण नाही.

अध्यापनाच्या अंगाने

आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत दीर्घकाळ टर्बो सी वापरला गेला. त्याचाही एक इशारा होता, ‘व्याख्येपूर्वी वापराची शक्यता’ अशा आशयाचा. तो देण्याची रीत भाबडी होती. संहितेत चलाचा वापर त्याच्या मूल्यदानाच्या वरच्या ओळीत आला की इशारा; प्रत्यक्ष क्रम काहीही असो. टर्बो सीच्या साहाय्य-पुस्तिकेत हे मोकळेपणाने मान्य केलेले होते. त्या सवयीतून जीसीसीकडे आलेला विद्यार्थी इशाऱ्याला ओळींच्या क्रमाची तक्रार समजतो आणि घोषणेच्या ओळीवर उपाय करतो. जीसीसीची तक्रार वाटांची आहे. ही तफावत कोणी त्याला सांगितलेली नसते.

सांगण्यासाठी सामग्री दूर शोधावी लागत नाही. मुंबईच्या आयआयटीत जीसीसीच्या अंतर्गत रचनेवर कार्यशाळा झाल्या आहेत, आणि तेथील उदय खेडकर व सहलेखकांचा विदा-प्रवाह विश्लेषणावरील इंग्रजी ग्रंथ २००९ पासून उपलब्ध आहे. पदव्युत्तर वर्गाला त्यातील आरंभीची प्रकरणे झेपतील. पदवीच्या वर्गासाठी मात्र एक साधे प्रात्यक्षिक पुरेसे आहे. वर दिलेली तीन फंक्शने विद्यार्थ्याने ऑप्टिमायझेशनशिवाय, दुसऱ्या पातळीवर आणि शक्य असल्यास क्लँगवर संकलित करावीत. प्रत्येक वेळी आलेला किंवा न आलेला इशारा प्रात्यक्षिक वहीत लिहावा. आणि चल कोणत्या वाटेने मूल्याशिवाय वापरापर्यंत पोहोचते, त्या वाटेवरील अटी क्रमाने मांडाव्यात. अशी वाट नसेल तर ती का नाही, हे लिहावे. त्यानंतरच दुरुस्ती करावी : घोषणा वापराजवळ आणून, ‘अन्यथा’ची शाखा लिहून, दोन सारख्या अटी एकत्र करून, किंवा जेथे शून्य हेच योग्य उत्तर आहे तेथे शून्य देऊन. परीक्षकाने गुण वाटेच्या मांडणीला द्यावेत. इशारा गेला किंवा राहिला, याला स्वतंत्र गुण ठेवू नयेत.